चौदा नंबर माहेरी गेली

कुंडलिकतात्यांना कुणी विचारलं, "तात्या, रिटायर झाल्यापासनं करताय काय?" तर ते शांतपणे सांगायचे, "पोरी मोजतो." विचारणारा नवखा असला की दचकायचाच. मग तात्या मिशीत हसायचे आणि माळाकडं हात करायचे.

हा माळ अंथुर्ण्याकडून त्यांच्या वाडीकडं येताना उजव्या हाताला लागतो. खालच्या अंगाला कालवा, कालव्यापलीकडं नजर पुरेल तिथवर ऊस, आणि वर हा उघडाबोडका मुरमाड तुकडा. कुसळी गवत, दगड आणि वारा, एवढंच तिथलं धन. पण ह्याच माळावर खरपुडी आहे. दोऱ्याएवढा वेल, बोटाच्या पेराएवढं फूल आणि जमिनीत वीतभर खाली लहान कांद्याएवढा कंद. पूर्वी मेंढरांमागची पोरं तो कंद उकरून कच्चाच खायची. तात्यांनीही खाल्लेत. पुढं रानं नांगरली गेली, मुरूम उचलला गेला आणि खरपुडी दिसेनाशी झाली. पुण्याच्या एका संस्थेला ह्या माळावर एकशे अठरा वेल सापडले, तेव्हा त्या लोकांना कोण आनंद झाला! ग्रामपंचायतीनं दोन एकर गायरान पाच वर्षांसाठी त्यांना दिलं, त्यांनी तारेचं कुंपण घातलं आणि राखणीला माणूस नेमला तो म्हणजे तात्या.

माणूस मात्र बावनकशी निवडला. तात्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या रानाला किती वाजता पाणी सोडलं आणि कधी बंद केलं, हे रजिस्टरात लिहिण्यात तीस वर्षं गेली. अर्धा तास इकडचा तिकडं लिहिला तर भाऊ भावाचं डोकं फोडायचा. त्यामुळं लिहायचं ते खरं आणि लिहायचं ते थोडक्यात, ही सवय हाडात मुरलेली. ह्या थोडक्यात लिहिण्यानंच पुढं घात केला, पण ते मागनं सांगू.

मोजणीचं काम बघायची उत्कर्षा. पोरगी काटेवाडीची, घरी ऊस आणि गाई, पण ही गेली पुण्याला झाडाझुडपांचं शिकायला. पाच वर्षांच्या नोंदी घ्यायच्या आणि त्यावरून पुढच्या पन्नास वर्षांत खरपुडी ह्या माळावर टिकणार की संपणार, ह्याचं गणित मांडायचं, हा तिचा अभ्यास.

"म्हंजी ज्योतिषच की," तात्या म्हणाले होते. "पाच वळींची पत्रिका, आन् भविष्य पन्नास वर्सांचं!"

"म्हणून तर ओळी नीट पाहिजेत, तात्या," ती म्हणाली. "माझ्याकडं तुमच्याशिवाय दुसरं काहीच नाही."

हे वाक्य तात्यांनी मनावर घेतलं. प्रत्येक वेलाशेजारी खिळा ठोकून त्याला पत्र्याचा नंबराचा बिल्ला बांधलेला. दर पावसाळ्यात पुण्याहून छापील यादी यायची. एका नंबराला एक बारकी चौकट. तात्या सकाळी भाकरी बांधून माळावर जायचे, गुडघ्यावर बसून गवत हातानं बाजूला करायचे आणि चौकटीत लिहायचे. वर आली. फुलली. शेंग धरली. कधी 'साळिंदरानं खाल्ली', कधी 'डुकरानं उकरली'. असं काही लिहावं लागलं की त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागायचं नाही.

दुसऱ्या वर्षी चौदा नंबर उगवलीच नाही. तात्यांनी चार खेपा घातल्या. उकरल्याची खूण नाही, ओरखडा नाही, नुसता बिल्ला वाऱ्यावर वाजतोय. संध्याकाळी घरी आले ते तोंड पाडूनच.

"काय झालं?" रतननं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं.

"चौदा नंबर गेली."

"गेली म्हंजी? मेली का माहेरी गेली?"

तात्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि वळून बघितलं.

"आवो, कांदा जमिनीत हाय न्हवं? मग वर यायचं मन नसंल औंदा. बसली आसंल आईच्या कुशीत. मी न्हवते का गेले?"

तात्यांच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलंही, कारण त्या जाण्याची गोष्ट घरात सहसा निघत नसे. पण शब्द त्यांना फार पटला. दुसऱ्या दिवशी चौदाच्या चौकटीत त्यांनी 'माहेरी गेली' लिहायला घेतलं. चौकट बारकी, बोटं जाडी. 'माहेरी' काही त्यात मावेना. मग पाटकऱ्याच्या सवयीनं नुसतं लिहिलं, 'गेली'. आपल्याला तर ठाऊक आहे कुठं गेली!

पुढच्या वर्षी यादी आली त्यात चौदा नंबर नव्हताच. अजून सहा-सातही नव्हते. तात्यांना वाटलं, बरोबर आहे, माहेरी गेलेलीला कशाला रोज हाका मारायच्या? पोरगी समजूतदार आहे. पण त्या गाळलेल्यांतल्या दोन-तीन त्या वर्षी पुन्हा उगवल्या. यादीत जागाच नाही, तर लिहायचं कुठं? तात्यांकडं कालव्यावरच्या जुन्या रजिस्टराची कोरी पानं होती. त्यांनी ती शिवून वही केली आणि त्यात लिहायला लागले. 'बावीस नंबर, दोन श्रावण, आली.' कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलंही नव्हतं. आलेल्या पोरीची नोंद नको का व्हायला? अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. माळ आषाढातही पांढराफटक, आणि यादीत चौकटीमागून चौकटीत तात्यांना लिहावं लागलं. गेली. गेली. गेली.

एक मेच्या ग्रामसभेला गायरानाचा विषय निघाला. पाच वर्षांची मुदत संपली होती. सरपंच विजयमालाताई बाई कर्तबगार, बोलायला फटकळ. त्यांच्या मनात माळावर चिंच आणि कडुलिंब लावायचे होते, जेसीबीनं हजार खड्डे घ्यायचे होते. त्यात वाईट ते काय? झाडं लावायला कोण नाही म्हणेल? उत्कर्षा अहवाल घेऊन पुण्याहून आली होती. पोरीचा चेहरा उतरलेला.

तिनं उभं राहून वाचलं. "एकशे अठरापैकी सत्तर मृत. अठ्ठेचाळीस शिल्लक. ह्या वेगानं दहा वर्षांत इथं एकही उरणार नाही. सबब, उरलेले कंद काढून पुण्याच्या बागेत हलवावेत."

"मग झालं तर," विजयमालाताई म्हणाल्या. "वेलबी वाचतील, आमचा माळबी मोकळा हुईल."

मागं भिंतीला टेकून बसलेले तात्या उठले. तीस वर्षांत ह्या माणसानं ग्रामसभेत ब्र काढला नव्हता.

"कोण मेली?"

सभा वळून बघायला लागली.

"तात्या, खरपुड्या," उत्कर्षा म्हणाली.

"त्येच इच्यारतोय. अकरा खाल्ल्या-उकरल्या, त्या मेल्या. माझ्या हिशोबी त्येवढ्याच. बाकीच्या एकूणसाठ कुणी मारल्या?"

उत्कर्षानं पिशवीतून याद्या काढल्या आणि बोट ठेवून दाखवलं. "तुम्हीच लिहिलंय, तात्या. हे बघा, गेली. हे बघा, गेली."

"मग? गेलीच लिवलंय. मेली कुठं लिवलंय?"

सभेत एक जण फिसकन हसला. पण पोरीचंही काय चुकलं? एखाद्या घरी दारात माणसं जमलेली दिसली आणि कुणी हळूच म्हणालं, "म्हातारी गेली," तर आपण काय समजतो? कुठं गेली म्हणून कुणी विचारत नाही. उत्कर्षानंही विचारलं नव्हतं. तिनं दर वर्षी 'गेली' वाचलं, तो नंबर मेला म्हणून यादीतून काढला आणि नवी यादी छापली.

"माहेरी गेली, आसं हाय त्ये," तात्या म्हणाले. "जागा न्हवती लिवायला."

"मग खरं-खोटं कळंल की. चार कांदं उकरून बघा," कुणीतरी म्हणालं.

"उकरली की मुळ्या तुटत्यात," तात्या त्याच्यावर उखडलेच. "जिती हाय का बघाय मारायची व्हय? लेकाच्या, तुझी बहीण माहेरी आली तर तिची नाडी बघतुयास का दारात?"

सभा खो खो हसली. विजयमालाताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तात्या, तुमच्या शब्दाला मान हाय. पर शब्दावर गायरान न्हाय सोडता येत. आठ दिवस देते. काय असंल त्ये कागदावर आणा."

घरी येऊन तात्या ओट्यावर बसले ते उठेचनात. रतननं चहा दिला, तो तसाच गार झाला. "माझ्या हातानं मारल्या गं पोरी," ते म्हणाले. "पाण्याच्या रजिस्टरात कधी खाडाखोड न्हाय केली मी. आन् हितं एका शब्दापायी एकूणसाठ जिवांचं नाव कमी करून बसलो." त्यांचे डोळे भरून आले. साठी उलटलेला माणूस, पण लपवलं नाही त्यांनी.

"उठा," रतन म्हणाली. "ती वही कुठाय तुमची?"

दुसऱ्या दिवशी उत्कर्षा स्कूटीवरून आली. रात्री तिलाही झोप लागली नव्हती. पाच वर्षांत आपण एकदाही विचारलं नाही, हे तिला राहून राहून खात होतं. रतननं तिच्यापुढं पिठलं-भाकरी ठेवली आणि भाकरीशेजारी वही. पोरीनं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि हातातला घास हातातच राहिला.

"तात्या, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत!"

"तू कधी इच्यारलं न्हाईस."

दोघंही मग हसले, आणि कामाला लागले. तात्या वाचायचे, ती लॅपटॉपवर घ्यायची. दुष्काळाच्या आधीच्या वर्षांत तीस वेळा कुठली ना कुठली खरपुडी माहेरी गेली होती. त्यातल्या चोवीस परत आल्या होत्या. बहुतेक पुढच्याच वर्षी. काही दोन पावसाळे काढून तिसऱ्याला.

"म्हणजे आता एकच प्रश्न," उत्कर्षा म्हणाली. "वाट किती वर्षं बघायची? कुठंतरी रेघ मारावीच लागेल. नाहीतर मेलेलीसुद्धा माहेरी आहे असं धरून बसू, आणि माझं गणित खोटं पडेल. तुम्हाला काय वाटतं?"

तात्यांनी वहीच्या कडेवरून बोट फिरवलं. "मी तीन वर्सं बघितली व्हती," ते शेवटी म्हणाले.

"कशाची?"

चुलीकडून रतन बोलली. "माजी."

आणि मग तिनंच सांगितलं. तिचं माहेर कोऱ्हाळे बुद्रुक. लग्नाला पाच वर्षं झाली, पोर होईना, सासूचं तोंड सुरू झालं. एका नागपंचमीला ती माहेरी गेली आणि परतलीच नाही. भाऊ म्हणाले, नको जाऊस तिथं. इकडं सासू म्हणाली, दुसरी करू. "रेशनकार्डावरनं तिचं नाव कमी कर, आन् मोकळा हो," असं रोजचं टुमणं.

"तवा रेशनला माणशी साखर मिळायची," रतन सांगत होती. "ह्यांनी नाव काय कमी केलं न्हाय. दर म्हयन्याला माज्या वाटणीची साखर आणायची, आन् तुपाचा रिकामा डबा व्हता, त्येच्यात टाकायची. सासूला चमचाभर घेऊ दिली न्हाय. चहा गुळाचा प्याले समदे, पर डब्याला हात न्हाय. तिसऱ्या वर्सी माजा मामा ह्यांना बाजारात भेटला. त्येच्याजवळ निरोप धाडला. काय धाडला सांगा की!"

"जाऊ दे गं."

"रतनला म्हणावं, डबा भरला!" तिनंच सांगून टाकलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "एवढाच निरोप. ये न्हाई, जा न्हाई. मला आधी काय कळंना. कळलं तशी निगाले. येऊन बघते तर साखरंचा दगुड झालेला, आन् निम्म्यात मुंग्या. खलबत्त्यानं फोडली आमी."

मूल पुढंही झालं नाही. पण त्या घरात तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. उत्कर्षानं नाक पुसलं, तिसऱ्या पावसाळ्यापाशी रेघ मारली आणि गणित नव्यानं मांडलं. पूर्वी तिच्या तक्त्यात दोनच रकाने होते, जिवंत आणि मृत. आता तिनं मधे तिसरा घातला आणि त्याचं नाव ठेवलं, माहेरी.

आठव्या दिवशी ती विजयमालाताईंपुढं बसली. "ताई, छातीठोक सांगायला माझ्याकडं पुरेशी वर्षं नाहीत. पण एवढं सांगते. पाऊस बरा झाला तर एकूणसाठपैकी चाळीसच्या आसपास वर येतील. पस्तीसच्या खाली आल्या तर माझं गणित चुकलं. मग तुम्ही खुशाल खड्डे घ्या, मीच कंद काढून नेते."

"लेखी दे," ताई म्हणाल्या. पोरीनं लेखी दिलं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत जेसीबी थांबला.

ते तीन महिने तात्यांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना माहीत. पाऊस चांगला झाला, तरी माणूस धसका घेतल्यासारखा. "पस्तीस," झोपेत बरळायचे. रतन म्हणायची, "पोरीवानी पास-नापास व्हायची पाळी आली ह्या वयात!"

ऑगस्टच्या दहा तारखेला मोजणी झाली. उत्कर्षानं या वेळी सगळ्यांची नावं असलेली यादी छापून आणली होती, एकही नंबर न गाळता, आणि चौकट हाताच्या तळव्याएवढी. विजयमालाताई स्वतः आल्या, पदर खोचून. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रतनही माळावर आली. तात्या गुडघ्यावर बसायचे, गवत बाजूला करायचे आणि बोलायचे. "बावीस, आली. एकतीस, आली. चाळीस... न्हाय. एक्केचाळीस, आली गं, आली!" पस्तिसावी सापडली तेव्हा ते मातीतच बसले आणि त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. मोजणी संपली तेव्हा आकडा झाला बेचाळीस.

विजयमालाताई एका वेलापाशी वाकल्या. फूल चढत्या उन्हात उभं होतं, चिमुकल्या कंदिलासारखं. "एवढ्याश्यापायी एवढं रामायण," त्या म्हणाल्या, पण हात लावला नाही. "खड्डं वढ्याच्या कडंला घेऊ. पंधरा तारखेला मी बोलते." आणि चपला झटकत निघून गेल्या.

राहिलेल्या सतरांपैकी बऱ्याच जणींची तीन वर्षं अजून भरायची होती. एक मात्र राहिली. उत्कर्षा चौदाच्या बिल्ल्यापाशी थांबली. गवतात नुसता गंजका खिळा. हा पाचवा पावसाळा.

"तात्या," ती हळू म्हणाली, "आपण ठरवलेल्या नियमानं..."

"व्हय," तात्या म्हणाले. त्यांनी चौदाकडं बघितलं नाही. "नियम म्हंजी नियम. कर नाव कमी. मीच सांगितलीय तीन वर्सं."

उत्कर्षानं पेन टेकवलं.

"थांब गं पोरी," रतन म्हणाली. ती बिल्ल्याशेजारी उकिडवी बसली आणि नवऱ्याकडं वर बघितलं. थट्टा करत होती, पण डोळे थट्टेचे नव्हते. पस्तीस-चाळीस वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. "आन् मी तिसऱ्या वर्सी आले नसते तर वो? निरोप पोचला नसता, तर?"

तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. खाली उसातून मोटारीचा आवाज येत होता.

"तर काय," ते म्हणाले. "दुसरा डबा आणला असता."

उत्कर्षानं पेन उचललं आणि चौदाच्या चौकटीत, आता जागा भरपूर होती म्हणून, दोन्ही शब्द पुरते लिहिले. तात्यांनी बिल्ल्याची सैल झालेली तार पिळून घट्ट केली, आणि तिघंही जेवायला घराकडं निघाले.